भिशीच्या नंबराने गेलेली वायर

परवा रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या घरी इंटरनेटची नवी जोडणी द्यायला दोन तरुण आले. केसाएवढी बारीक तार त्यांनी खिडकीतून आत घेतली, भिंतीवर एक पांढरी डबी बसवली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि चहा न घेता ते निघून गेले. सगळे मिळून वीस मिनिटे लागली असतील. तेवढ्या वेळात दोघांपैकी एकानेही छपरावरून "आलं का?" असे ओरडून विचारले नाही. मला उगीच चुकल्याचुकल्यासारखे झाले.

निवृत्तीनंतर मी थोडे लिहू लागले आहे. मुद्दाम लिहावे असे माझ्या आयुष्यात काही घडले आहे का, याविषयी मला अजूनही शंका वाटते. पण आमच्या जुन्या गल्लीत केबल कशी आली, हे सांगू शकणारी माणसे आता कमी उरली आहेत, आणि त्या कामातला एक हिशेब माझा होता. तेवढ्या अधिकारावर हे लिहीत आहे.

गल्ली रेल्वे लाइनच्या मागे होती. दोन्ही हातांना दहा-दहा, अशी वीस घरे. बहुतेक कुटुंबे विदर्भातून आलेली. कोणी रेल्वेत, कोणी सरकारी कचेरीत, कोणी कारखान्यात. आमचे घर गल्लीच्या तोंडाशी होते. घरात माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, वहिनी आणि मी. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि कॉलेजातल्या जागेची वाट पाहत होते. चार माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. तोंडी परीक्षेत मी फळ्यावर लिहून उत्तरे दिली होती. शिकवण्याच्या नोकरीसाठी ही काही फार मोठी पात्रता नव्हे, हे मला ठाऊक होते.

दादा टीव्ही दुरुस्त करी. नव्वदीच्या दशकाची ती सुरुवात होती. मोठ्या शहरांत लोक छपरावर मोठ्या तबकड्या बसवून परदेशी वाहिन्या पाहू लागले आहेत, अशा बातम्या येत होत्या. दादाच्या डोक्यात ते शिरले. सरकारी वाहिनीवर शेतीविषयक कार्यक्रम पाहत बसलेल्या वीस घरांना जग दाखवायचे, त्याबद्दल दरमहा ठरावीक रक्कम घ्यायची, आणि सोल्डरिंगच्या धुरातून कायमचे सुटायचे. तो बँकेत गेला. तिथल्या अधिकाऱ्याने त्याचे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भैया, माल आसमान से आएगा, तो गिरवी क्या रखोगे?"

गहाण ठेवण्यासारखे काहीच नसलेला दादा घरी येऊन जेवायला बसला. वहिनीने ताटात भाकरी टाकली.

"बँकेले राहू द्या," ती म्हणाली. "माही बीसी हाय ना."

भिशीला रायपुरात बीसी म्हणतात. गल्लीतल्या वीस बायका दरमहा ठरलेली रक्कम टाकत. चिठ्ठी काढून ज्या घराचा नंबर येई, त्या घरच्या बाईला सगळी रक्कम मिळे. कोणाचा पंखा, कोणाची शिलाई मशीन, कोणाच्या मुलीचे कानातले यातूनच झाले होते. वहिनी ही भिशी चालवत असे आणि तिच्या हाती ती एकदाही फिसकटली नव्हती. तिने बायकांपुढे प्रस्ताव ठेवला: पहिल्या तीन महिन्यांची सगळी रक्कम केबलला द्यायची. बदल्यात प्रत्येक घराला जोडणी आणि वर्षभर फुकट पाहणे. चौथ्या भिशीच्या दिवशी दुपारी चार वाजता वीसही घरांत स्वच्छ चित्र दिसले पाहिजे. एका जरी घरात दिसले नाही, तर वहिनीने सगळ्यांचे पैसे परत करायचे.

परत कुठून करायचे, हेही ठरलेले होते. वहिनीच्या भावाने सिलतऱ्याच्या एका कारखान्यात दादासाठी स्टोअरकीपरची जागा पाहून ठेवली होती. त्या नोकरीचे पत्र वहिनीच्या ट्रंकेत होते. चित्र आले नाही, तर दादाने आयुष्यभर बोल्ट मोजायचे आणि पहिली काही वर्षे तो पगार गल्लीला वाटायचा.

बायकांनी मान्य केले. पण भिशी ती भिशीच. नंबर सोडायला कोणी तयार होईना. जोडण्या नंबराप्रमाणेच द्यायच्या, असे ठरले. स्टीलच्या डब्यातून वीस चिठ्ठ्या निघाल्या. पहिला नंबर आला गल्लीच्या अगदी शेपटाशी राहणाऱ्या काकूंना. त्या प्राथमिक शाळेच्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि अख्खी गल्ली त्यांना थोडी टरकून असे. दुसरा नंबर आमच्या समोरच्या घराला, तिसरा पुन्हा तिकडे मागे. दादाने कागदावर लिहून घेतले आणि कागद देव्हाऱ्यात ठेवला.

रिसीव्हर आणि इतर यंत्रे नागपूरहून आली. तयार तबकडी मात्र आमच्या आवाक्याबाहेरची होती. दादा म्हणाला, भनपुरीत ट्रकच्या बॉडी बांधतात, ते काहीही बांधू शकतात. फक्त आकार सांगायला हवा.

आकार मला येत होता. बाहेरच्या खोलीतले सामान हलवून मी फरशीवर पांढऱ्या रांगोळीने अर्धी वक्ररेषा काढली: मध्यापासून कडेपर्यंत सहा फूट, उंची दोन फूट. तीन-तीन इंचांवर गणिताने बिंदू काढून ते जोडत गेले. दोन दिवस लागले. तेवढे दोन दिवस सगळे जण मागच्या दाराने ये-जा करत होते.

"ताई," वहिनी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "एवढी मोठी रांगोळी, आन् एक फूलही नाही?"

भनपुरीचा बॉडीवाला आला. त्याने लोखंडी पट्टी रेषेवर उभी धरली आणि हातोडीने हलकेच वाकवत नेली. पट्टी रेषेशी तंतोतंत जुळली, तेव्हा तो मागे सरकून उकिडवा बसला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"हव दीदी, बन जाही," तो म्हणाला. "पर येखर चक्का कहाँ लगही?"

याला चाक नसते, हे त्याला पटवायला दादाला वेळ लागला. त्या पट्टीच्या मापाने त्याने सोळा फासळ्या बनवल्या, त्यांवर अॅल्युमिनियमची जाळी ताणली आणि ठरलेल्या दिवशी तबकडी मेटॅडोरवर उभी करून आणली. काम चोख होते. फक्त त्याच्या पेंटरला पाठीमागची रिकामी जागा पाहवली नव्हती. त्याने हिरव्या वेलबुट्टीच्या महिरपीत, लाल अक्षरांत, "शुभ यात्रा" असे लिहिले होते. ज्या वस्तूने यापुढे तसूभरही हलायचे नव्हते, तिच्या पाठीवरचा तो मजकूर आमच्या छपरावरून पुढे सगळ्या रेल्वेगाड्यांना दिसत असे.

तबकडी चढवायला गल्लीतले सगळे पुरुष दोर धरून आले. दादाने ती इंचाइंचाने फिरवली. मी खाली आमच्या टीव्हीसमोर बसले होते. अचानक पडद्यावर एक गोरी बाई समोसा असावा असे काहीतरी तळताना दिसली. वहिनी म्हणाली, "तेल गरम नाही झालं तिचं." जगाशी आमचा पहिला संबंध असा आला.

इथवर सगळे ठीक होते. मग वायर टाकायचे काम निघाले.

देव्हाऱ्यातला कागद काढून दादाने नंबराप्रमाणे वायर नेली, अगदी शब्दशः. आमच्या छपरावरून निघून ती गल्लीच्या शेपटाला काकूंकडे गेली, तिथून परत येऊन समोरच्या घरी, तिथून पुन्हा मागे. बांबू, अँटेनाचे पाइप, एका ठिकाणी कपडे वाळत घालायची दोरी, मिळेल त्याच्या आधाराने ती गल्ली ओलांडत राहिली. वडाला सूत गुंडाळावे तशी गल्ली गुंडाळली गेली. कोणाच्या दारावरून वायर जाई आणि आत येत नसे. तरी ती बाई तक्रार करत नसे, कारण तिचा नंबर चौदावा होता आणि तेरावीच्या आधी चौदावी कशी?

प्रत्येक घरापाशी दादा पितळेची एक लहानशी डबी बसवी. तिच्यात एक वायर शिरे आणि दोन निघत: एक घरात, एक पुढे. ती डबी पाहूनच घोटाळा माझ्या लक्षात आला. आलेल्या सिग्नलचे ती दोन सारखे भाग करते. पहिल्या घराला अर्धा, दुसऱ्याला उरलेल्याचा अर्धा, तिसऱ्याला त्याचाही अर्धा. विसाव्या घरापर्यंत दहा लाखांतला एक वाटाही पोहोचणार नव्हता, आणि वायरीच्या लांबीत जे मुरणार होते ते वेगळेच. वहीच्या मागच्या पानावर मी हा हिशेब केला आणि जेवताना दादाला सांगायचे ठरवले.

"दादा," मी म्हटले, "ते... डब्या..."

"मीठ पाहिजे काय?" दादाने विचारले आणि मिठाची डबी माझ्याकडे सरकवली.

मी मीठ घेतले. तो प्रयत्न तिथेच संपला.

घडायचे तेच घडले. दादा छपरावरून ओरडे, "आलं का?" आणि घराघरांतून उत्तर येई. पहिल्या चार घरांतून आले ते "आलं!" असे ठणठणीत. पाचव्यातून "आलं, पन माणसाले दोन-दोन नाकं हायेत." सहाव्यात मुंग्या. नवव्यानंतर नुसता आवाज. दादाने मध्ये अॅम्प्लिफायर घातला, तेव्हा चित्राबरोबर खरखरही वाढली. मुंग्यांचे मुंगळे झाले. त्याने दुसरा घातला, तिसरा घातला. वीस दिवस तो सकाळी शिडी घेऊन जाई आणि दुपारी उतरलेल्या चेहऱ्याने परत येई. एकदा तो परतला, तेव्हा वहिनी त्याच्या एकुलत्या एका पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती आणि बाजूला सिलतऱ्याचे पत्र ठेवले होते. डब्यांविषयीचे माझे न बोलणे त्या दिवसापासून मला नुसत्या लाजाळूपणापेक्षा निराळे वाटू लागले.

तिसऱ्या भिशीची दुपार आली. बायका पैसे टाकायला आल्या, पण बटव्यांची तोंडे उघडेनात.

"माह्या घरी तर पाऊस पडून राहिला बा," नववी म्हणाली.

"तुमच्या घरी पाऊस तरी हाय. माह्या घरी नुसतं सूं सूं. आमचे हे म्हणे, हे काय दाखवून राहिले? मी म्हटलं, चंद्र असंन."

"मले तर साफ दिसते," काकू म्हणाल्या.

"तुमाले दिसनच. तुमी नंबर एक."

"मंग आता तिसरा पैसा काहून टाकाव आमी? मुंग्या पोसाले?"

वहिनी स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मोठे पातेले, आमच्या बोलीत गंज, भरून कैरीचे पन्हे तयार होते. "ताई, तुमीच वाढा," ती म्हणाली. "मले त्यायच्यासमोर जाववत नाही."

मी गंज उचलून बाहेर आले. आमच्या गल्लीतल्या बायकांची एक सवय होती: डाव्या हाताच्या घरांतल्या डाव्या भिंतीशी बसत, उजव्या हाताच्या उजव्या, आणि घरांच्या क्रमानेच. खोलीभर पसरलेली ती आमचीच गल्ली होती. मी दाराशी, म्हणजे आमच्या घराच्या जागी उभी होते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला काकू होत्या.

पुढचे मी ठरवून केले असे म्हणता येणार नाही. बोलता येत नव्हते आणि हातात गंज होता. मी परत आत गेले, एक तपेली आणि एक लोटा घेतला, अर्धे पन्हे तपेलीत ओतले, खोली ओलांडून गेले आणि ती तपेली काकूंसमोर ठेवली.

"अवं, एवढं? म्हशीले देऊन राहिली काय?" काकू म्हणाल्या.

मी परत दाराशी आले आणि राहिलेल्यातले अर्धे लोट्यात ओतून दोन नंबरवाल्या शेजारणीला दिले. पुन्हा मागे गेले. तिसरीला त्याच्याही अर्धे. चौथीला मोठा पेला, पाचवीला लहान. मी अशी खोलीभर आडवीतिडवी फिरत होते आणि बायका माना वळवून पाहत होत्या. सहावीला वाटी मिळाली, आठवीला दोन चमचे.

"इले ऊन लागलं वाटते," कोणीतरी म्हणाले.

दहावीच्या पेल्यात मी ओला चमचा झटकला. अकरावीसमोर गंज उपडा धरला. काही पडले नाही. मी उपड्या गंजासह बाराव्या नंबराकडे निघाले, तेव्हा काकूंनी हात वर केला. वर्गात करतात तसा.

"थांब. पोट्टी वेडी नाही झाली. पाढा म्हणून राहिली." त्यांनी आपल्यासमोरच्या तपेलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मंग बरोबर कसं वाढाव लागते? सांग."

मी उपडा गंज सरळ केला.

"ओळीनं," मी म्हटले. "दारापासून... एका रांगेत. आन् प्रत्येकीला थोडं थोडंच. बाकीचं पुढे जाऊ द्यायचं."

"मंग माहा नंबर?"

"तुमचा... शेवटी."

"पहिला नंबर मिळवून मी शेवटच्या पाटावर बसू?"

दाराआड वहिनीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळले नाही.

काकूंनी तपेली उचलली, उठल्या, स्वतः चालत दाराशी आल्या आणि सगळे पन्हे परत गंजात ओतले. "सोडला माहा नंबर," त्या म्हणाल्या. मग बाकीच्यांना म्हणाल्या, "आता नंबराचं नाव कोणी काढजो मत. टाका पैसे." आणि माझ्याकडे वळून, "पन माही एक शर्त हाय. चित्र आल्याचा पहिला आवाज माह्या घरून निघंन. तोवर बाकीच्यांनी तोंड बंद ठेवाव. आन् तो आवाज मी नाही देणार. तू देजो."

तिसऱ्या हप्त्यातून दादाने जाड वायर आणली आणि गल्लीच्या एका बाजूने, विजेच्या तारेसारखी सरळ रांगेत नेली. दोन्ही हातांच्या घरांसाठी नव्या डब्या आल्या, ज्या मुख्य वायरीतून घोटभरच घेतात. जवळच्या घराला लहान घोट, दूरच्याला मोठा. कोणाला केवढा, याचा तक्ता मी केला आणि दादाने तो देव्हाऱ्यात नंबरांच्या जागी ठेवला. मला काही न विचारता तो प्रत्येक डबी तक्त्यावर बोट ठेवून बसवी. फक्त एकदा म्हणाला, "त्या दिवशी मीठ नको होतं ना तुले?"

मध्यावर एकच अॅम्प्लिफायर लागणार होता. चौदाव्या नंबरच्या बाईंनी आपल्या ओसरीतला विजेचा पॉइंट दिला. त्याबद्दल त्यांना जोडणी कायमची फुकट. त्या यंत्राला त्यांनी लोकरीचे विणलेले झबले चढवले. त्याला हवा लागते, असे सांगून दादाने ते तीनदा काढले.

चौथ्या भिशीच्या दिवशी चारला पाच मिनिटे कमी असताना मी काकूंच्या बैठकीत त्यांच्या टीव्हीसमोर उभी होते. उघड्या दारातून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या छपरावर, "शुभ यात्रे"च्या शेजारी, दादा दिसत होता. आमच्या दारात वहिनी होती. इतर घरांच्या उंबऱ्यांवर बायका उभ्या होत्या. त्यांच्या घरांत चित्र आले आहे हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते. पण शर्त पाळायची म्हणून सगळ्यांनी ओठ घट्ट मिटले होते. पाहुण्यांच्या फोटोत असतात तसे.

दादाने छपरावरचा मुख्य जोड पान्ह्याने आणखी घट्ट केला. काकूंच्या टीव्हीवर मुंग्या सळसळल्या, विरल्या, आणि कोट घातलेला एक माणूस कोणत्या तरी परक्या देशाच्या नकाशावरचे ढग दाखवू लागला. त्याच्या टायवरचे ठिपके मोजता आले असते. नाक एकच होते.

"आलं का?" दादा ओरडला.

मी उंबऱ्यावर आले आणि तोंड उघडले. काही निघाले नाही.

"अवं, सांग ना," मागून काकू म्हणाल्या. त्या सुपारी कातरत होत्या, अडकित्ता थांबला.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दादाने थोडी वाट पाहिली. मग तो हळूच कठड्यावर बसला आणि पान्हा त्याने बाजूला ठेवला. वहिनीने आत वळून पाहिले, जिथे तिची ट्रंक होती त्या दिशेने. त्या दोघांना काय वाटत आहे, हे इतक्या दुरूनही मला दिसत होते, आणि ते खरे नव्हते.

"आलं!" मी ओरडले.

आवाज फाटका निघाला, मध्येच चिरकला. चौदाव्या घरापर्यंत गेला असेल-नसेल. दादा उठून उभा राहिला आणि त्याने कानामागे हात धरला.

"काय म्हणून राहिली?"

उंबऱ्यांवरच्या अठरा बायका माझ्याकडे वळल्या. त्यांच्यापैकी कोणीही त्याला सांगू शकली असती. कोणीच सांगितले नाही. मी पदर खोचला, गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि छाती भरून श्वास घेतला.

दुसऱ्यांदा ओरडणे मला मुळीच जड गेले नाही.